खिळ्याची जन्मकथा

“हे एक पान तेवढं काढ,” गोरखकाका म्हणाले. “बाकी पुस्तक झकास हाये.”

त्यांनी कोणत्या पानावर बोट ठेवलं असणार, हे मोहिनीला न बघताही ठाऊक होतं. तरी तिने बघितलं.

पुस्तक तिचंच होतं, तिने काढलेल्या चित्रकथेचं. त्यातला खलनायक खिळ्या गेलं वर्षभर मोबाईलवर फिरत होता आणि पिंपरी पेंढारपासून मंचरपर्यंत पोरांच्या तोंडी बसला होता. अंगभर लोखंड, लोखंडावर खिळे, छातीला ट्रॅक्टरचं बोनेट. गोळी लागली की ठण्णकन आवाज यायचा आणि हा गडी हसायचा. दारोदारी पोरं डोक्यात पातेली घालून खिळ्या होत होती आणि आयांचा मार खात होती. आता तो छापून तालुक्यातल्या शाळांमध्ये जाणार होता. छपाईचं गोरखकाका बघणार होते. काका म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. बागाईतदार माणूस, गावात शब्दाला वजन.

शेवटचा भाग तेवढा अजून मोबाईलवर आलेला नव्हता. खिळ्या आधी कोण होता, याची ती गोष्ट होती. तो आपल्यासारखाच साधा माणूस होता. त्याने उसात एकाचा जीव घेतला आणि बिबट्याच्या नावावर खपवला. पुढे त्याला खऱ्या बिबट्याचीच धास्ती बसली. आधी त्याने बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला, मग छातीला पत्रा, मग पाठीला. शेवटी लोखंडाने अंग असं धरलं की निघेचना.

काकांचं बोट होतं त्या पानावर, खिळ्या मेलेल्या माणसाच्या गळ्यातला पट्टा काढून त्याच्याच घरात खुंटीला अडकवत होता. म्हणजे लोकांनी म्हणावं, पट्टा घरी विसरला म्हणून बिबट्याने धरला.

मोहिनीचे वडील सावळेराम दोन वर्षांपूर्वी उसातच सापडले होते. एक रात्र तिथे पडून होते. अंगावर बिबट्याचे दात होते, यात काही खोटं नव्हतं. वावरात जाताना घालायचा त्यांचा तसलाच पट्टा घरी खुंटीला होता. गाव हळहळलं. वनखात्याने पिंजरा लावला, त्यात एक बिबट्या अडकलाही, आणि सगळ्यांच्या मनातून विषय संपला. तेव्हापासून वस्तीवरच्या बायका मंगळसूत्राच्या वर पट्टा चढवल्याशिवाय वावरात पाऊल टाकत नाहीत.

पण त्या दिवशी वडील, तिचे दादा, पट्टा घालून गेले होते. मोहिनीने स्वतः पाहिलं होतं. बक्कल लवकर लागेना म्हणून ते आईवर खेकसले होते. हे तिने सांगितलं तेव्हा लोकांनी तिच्याकडे दयेने बघितलं. मग तिने सांगणं सोडून दिलं आणि खिळ्या काढायला घेतला. दादा सापडल्याचा निरोप घेऊन घरात सगळ्यांत आधी कोण आलं होतं, ते ती विसरली नव्हती. गोरखकाका.

“का काढू?” तिने विचारलं.

“ल्हान पोरांचं पुस्तक हाये. त्यात हे कशाला? त्याला बँक लुटू दे की.”

“मग खूनच काढून टाकते.”

“खून ऱ्हाऊ दे.” काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “पट्ट्याचं तेवढं नको.”

“पट्ट्यानं कुणाचं काय बिघडतंय, काका?”

काकांनी कांद्याच्या चाळीकडे बघितलं. तिथे मोहिनीची आई, रत्ना, सडका कांदा निवडत बसली होती. तिचं डावं मनगट दादा असतानाच कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं, त्यामुळे हात सावकाश चालायचा. गळ्यात पट्टा होता. तो ती घरातही काढत नसे. नवरा तसा गेलेला, भीती बसणारच, असं म्हणून कुणी तिला टोकत नव्हतं. मोहिनीने काढलेली पानं ती हातात घ्यायची, चित्रं बघायची आणि खाली ठेवायची.

“लोक नाना अर्थ काढत्यात, पोरी,” काका म्हणाले.

“काढू द्या.”

“मग छपाईचं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.”

“चालंल.”

काका उठले. उंबऱ्यापाशी थांबले. “दोन वर्सं झाली. गेलेल्या माणसाला उकरून आता काय मिळणार हाये?”

“मी कुठं दादांचं नाव घेतलं?” मोहिनी म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली आणि मोटारसायकल चालू न करताच ढकलत रस्त्यापर्यंत नेली.

मोहिनीला फार बरं वाटलं. दोन वर्षं जे लोक तिची कीव करत होते, त्या सगळ्यांना धरून आणावं आणि हे दाखवावं, असं वाटलं. ती तरातरा चाळीकडे गेली.

“आई, ऐकलंस ना? खुनाचं त्यांना काही वाटंना, नेमक्या त्या पानाला घाबरलं. दादांना त्यांनीच मारलं. मी आजच पोलिसात जाते आणि ते पान त्यांच्या म्होरं ठेवते.”

रत्नाने हातातला कांदा दाबून बघितला. चांगला होता. तो तिने चांगल्या ढिगात टाकला.

“गोरखभावजींना काय बोलू नगं,” ती म्हणाली.

“अजून त्यांचीच बाजू घेतीस?”

“ते काय आपल्या मनानं आलं न्हवतं,” रत्ना म्हणाली. “ते पान बघून मीच धाडलं व्हतं त्यांना.”