विम्याची अट

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली गोगटे डॉक्टरांनी सांगलीत दातांचा दवाखाना थाटला आणि लगेच विमाही उतरवला. पेशंट कोर्टात गेलाच, तर भरपाई कंपनी भरणार होती. मुंबईच्या एजंटानं एक अट मात्र पुन्हापुन्हा बजावली होती, "काहीही होवो, पेशंटपुढं चूक कबूल करायची नाही. केलीत, की विमा गेला."

काल घाईगर्दीत त्यांनी कवठे महांकाळच्या अंबूबाईची चांगली दाढ उपटली. तिनं बोट शेजारच्या किडक्या दाढेवर ठेवलं होतं, हे त्यांना लख्ख आठवत होतं. रात्र धर्मशाळेत काढून आज ती गाल धरून नवऱ्याच्या, आकारामच्या मागं दारात उभी राहिली, तेव्हा डॉक्टरांनी मनातल्या मनात ती अट घोकली.

आकारामनं वहाणा बाहेरच काढल्या.

"डाक्टरसायब, रागावू नगा. हिनंच काल बोट भलत्या दाढंवर ठिवलं. अडानी हाय."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, "असू दे. होतं असं कधीकधी."

"बघ," आकाराम बायकोला म्हणाला, "म्या म्हनलं न्हवतं, सायब रागवायचं न्हाईत?"

अंबूबाई खुर्चीत बसली, तिनं तोंड उघडलं आणि दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलं. डॉक्टरांची पक्कड ओठांपाशी आली, तरी तिनं बोट उचललं नाही.