टोपल्याच्या तळाचं

"एक खोली की दोन, आई?" रूपालीने आठ दिवसांत दहाव्यांदा विचारलं.

मेथीच्या वाफ्याशी बसून धुरपताबाई उद्याच्या बाजाराच्या जुड्या बांधत होत्या. दिवाळीनंतर घरच्यांनी अंदमानला जायचं, असं त्यांच्या लेकाने, अनुपने, ठरवलं होतं आणि परवडणारं हॉटेल शोधायचं काम बायकोकडे दिलं होतं. एक खोली म्हणजे अनुप-रूपालीच. दोन म्हणजे सासू-सासरेही. सगळं अडलं होतं ते सासऱ्यांपाशी, बापूरावांपाशी.

धुरपताबाईंना समुद्र पाहायचा होता, मनापासून पाहायचा होता. आंजी या त्यांच्या गावापासून तो कुठल्याही दिशेने गेलं तरी दूरच, त्यामुळे अठ्ठावन्न वर्षांत तो काही नजरेस पडला नव्हता. पण बापूराव नाहीत तर आपणही नाही, हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणून त्या जुड्या बांधत होत्या.

बापूराव फावडं घेऊन वाफ्यांना पाणी नेणाऱ्या दांडात उभे होते. जवळच विहिरीवर मोटार घरघरत होती. या आठवड्यात शेतीची वीज दिवसा होती, आणि वीज असताना मोटार बंद करणं हे बापूरावांच्या लेखी पाप होतं. लेकीचे होणारे सासरे शेतात भेटायला आले, तेव्हाही ती सुरूच होती. लग्नाची सगळी बोलणी ओरडून झाली.

"पानी पाहाले कोनी विमानानं जाते का?" बापूराव तिथूनच म्हणाले. "पानीच पाह्याचं हाय तं माह्या मांगं मांगं फिर. अन् तितके दिवस ओलीत कोन करन, हॉटेलवाला?"

"हे पाहा आई, नील बेटावरचं हाय," रूपालीने मोबाइल पुढे केला. "सस्तं हाय."

पांढरीशुभ्र चादर, त्यावर टॉवेलचे दोन हंस. धुरपताबाईंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.

"हे वरचं हाय," त्या म्हणाल्या.

तीस वर्षं बाजारात बसलेली बाई ती. टोपल्यात वरच्या थराला लालबुंद टमाटे कोण रचतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्या स्वतःच रचत आल्या होत्या. मात्र गिऱ्हाइकाने खाली हात घालून तळाचं काढलं, तर तोंड वाकडं करायचं नाही, असाही त्यांचा नेम होता.

"लाव त्या हॉटेलवाल्याले फोन. मले तळाचं पाह्याचं हाय."

रूपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तिने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक बाई आली. हॉटेलची मालकीणच होती, ओल्या हाताने मोबाइल धरून उभी.

"बाई, ऊपर का मत दिखाओ," धुरपताबाईंनी सरळ सुरुवात केली. "सबसे नीचे का माल दिखाओ."

मालकीण जरा गोंधळली, मग खुदकन हसली. तिने सगळ्यात मागची, सगळ्यात स्वस्त खोली उघडली. इथे हंस नव्हते. भिंतीला ओल आली होती, नळाला चिंधी बांधली होती, पलंगाच्या एका पायाखाली वीट होती.

"जो है, यही है, आंटी," ती म्हणाली.

"खरी हाय बाई," धुरपताबाई रूपालीकडे वळून म्हणाल्या आणि पुन्हा मोबाइलकडे वळल्या. "और इसके पीछे क्या है?"

मालकिणीने मागचं दार ढकललं. चार नारळ दिसले, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या. चित्र अडकलं. मग सुटलं.

निळं होतं. काठाशी हिरवं होतं. सगळंच्या सगळं हलत होतं आणि त्याला पलीकडची बाजूच नव्हती. धुरपताबाईंनी मोबाइल उभा धरला, आडवा धरला. कसाही धरला तरी ते मावेना. त्यांना भीती वाटली आणि त्या भीतीतच इतका आनंद झाला, की मांडीवरच्या जुड्या मातीत सांडल्या तरी कळलं नाही.

"अव माय," त्या म्हणाल्या. मग हाक मारली, "अहो, या ना इकडं!"

बापूराव चिखलाच्या पायांनी आले ते नाही म्हणायलाच. त्यांनी मोबाइलवर वाकून पाहिलं. कुठल्या दांडाने किती वाफे भिजतात यात जन्म गेलेला माणूस. त्यांची नजर आपोआप कडेकडेने फिरू लागली.

"याचा बांध कुठं हाय?"

"नाई, बाबा," रूपाली म्हणाली.

"मंग पानी कोन सोडून राह्यलं?"

"कोनीच नाई. आपल्या मनानंच येते, वापस जाते, पुन्हा येते."

"लाइन गेली तरी?"

"लाइन गेली तरी."

मालकीण आता वाळूत उतरली होती. एक लाट आली, पांढरी झाली, परत गेली. लगेच दुसरी आली. बापूरावांनी फावडं खाली ठेवलं, मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि कानाशी नेला. मग विहिरीकडे पाहिलं.

"मोटार बंद कर व," ते म्हणाले.

धुरपताबाई उठल्या. विहिरीपाशी जाऊन त्यांनी पेटीतलं लाल बटण दाबलं. वीज असताना ते दाबायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. घरघर थांबली. दांडातलं पाणी हळूहळू उभं राहिलं. आणि मेथीच्या वाफ्यावरून तो आवाज त्यांच्यापर्यंत आला. मोठा होऊन येणारा, लहान होत जाणारा, पुन्हा येणारा.

बापूराव डोळे मिटून ऐकत होते. धुरपताबाईंनी तिथूनच रूपालीला दोन बोटं दाखवली.