स्पीकर नको

मी मिठाच्या पाण्यात धानाचं बियाणं टाकून तरंगणारे पोचट दाणे काढत होते. फोन वाजला. "घे, आला चंद्रकुमारचा! सारखा काहून करते तो?" भुपेंद्र करवादला. चंद्रकुमार आम्हा दोघांचाही कॉलेजातला मित्र. पण माझं नि भुपेंद्रचं लग्न झाल्यावर त्याचा फोन आला की भांडण नको म्हणून मीच स्पीकर लावायचे. हळूहळू तो पाऊसपाण्यापलीकडे बोलेनासा झाला. आज मात्र मला वीट आला. "हात ओले आहेत. कानाले लाव. स्पीकर नको." "काहून? लपवायले काय आहे?" "काहीच नाही. म्हणूनच नको." त्याने फोन उचलला. अंगठा स्पीकरकडे गेला, थांबला. मग फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतःचाही कान जवळ आणला. पलीकडून दबका आवाज आला, "कामिनी, भुपेंद्रनं स्पीकर लावला काय?" भुपेंद्रने कान मागे घेतला. फोन धरलेला हात मात्र तसाच राहिला.