ओड्वारची फीत

नॉर्वेला प्रोग्रेसिव्ह रॉक शिकवणाऱ्या त्या बँडने पन्नास वर्षांत नऊ तबकड्या काढल्या, चार ड्रमर बदलले आणि एका गायकाला माती दिली. आता निरोपाच्या कार्यक्रमासाठी बँडचा कीबोर्डवादक टोरग्रिम कोठारात जुनं मेलोट्रॉन उघडून बसला होता. त्या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली आठ सेकंदांची ध्वनिफीत असते. एकीवर त्या गायकाचा, ओड्वारचा, आवाज होता, पण ती झिजली होती. “टाकण्याआधी एकदा ऐकव,” ओड्वारची बायको सिग्ने म्हणाली. त्याने पट्टी दाबली. ओड्वार गायला. आठ सेकंद झाले, वीस झाले. टोरग्रिमने वाकून पाहिलं. फीत संपून थांबली होती. आवाज चालूच होता. “जिवंतपणी कुठे वेळेवर थांबायचा?” सिग्ने हसली. तेवढ्यात ओड्वारने श्वास घेतला. टोरग्रिम पट्टीवरून बोट उचलायला गेला. “उचललंस तर बघ,” म्हणत तिने खुर्ची ओढली. “दुखलं की सांग, पट्टी मी धरते.”