चौथं गाणं

फोन वाजत नव्हता, आणि ध्वनिमुद्रकाला तेच सहन होत नव्हतं. डिस्क दुकानांत येऊन आज सहावा दिवस. विक्री विभागात तक्रारींचे फोन घेणाऱ्या ताईंच्या टेबलासमोर काही ना काही निमित्त काढून बसायचा त्याचाही सहावाच. ताई शब्दकोडं सोडवत होत्या. तक्रारींची वही शेजारी कोरी पडली होती.

चूक त्याची होती, शंभर टक्के. गाणी नेटवर फुकट फिरायला लागल्यापासून कंपनीने एक शक्कल लढवली होती. नव्या गाण्याची खोटी प्रत आपणच नेटवर सोडायची. मुखडा खरा, अंतरा सुरू झाला की गाणं तुटतं आणि एक माणूस दरडावतो, ‘चोरून गाणं ऐकताना लाज नाही वाटत? दुकानात जाऊन विकत घ्या.’ तो माणूस म्हणजे हाच, आवाज जाड करून. या वेळी दोन्ही प्रती त्याने एकाच दुपारी पाठवल्या आणि अदलाबदल झाली. खरं चौथं गाणं नेटवर गेलं, खोटं डिस्कच्या कारखान्यात.

कळलं तेव्हा तीन हजार डिस्क दुकानांत पोचल्या होत्या. बायको म्हणाली, सांगून टाका, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. त्याने राजीनामा लिहिला आणि खिशात ठेवला. तो अजून तिथेच होता, घड्यांवर मळलेला.

कारण तांबडं फुटतच नव्हतं. साहेबांनी पाहुण्यांना डिस्क वाटल्या, कुणी वेष्टनही काढलं नाही. वर्तमानपत्रातल्या समीक्षकाने तर चौथ्या गाण्याच्या अंतऱ्याचं खास कौतुक केलं. पहिले दोन दिवस त्याला हायसं वाटलं. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये हिशेब खात्यातली मुलगी तोच अंतरा अख्खा गुणगुणत होती, आणि त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाणं सगळ्यांनी ऐकलं होतं. डिस्क कुणीच ऐकली नव्हती. आठ महिने खपून केलेलं काम, आणि त्यातली एवढी मोठी चूक पकडायलाही माणूस नव्हता. नोकरीची भीती त्यापुढे काहीच वाटेना.

अकरा वाजता गायिकाबाई आल्या. नऊ वर्षांनी त्यांची डिस्क निघाली होती. पिशवी मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या आणि लोक काय म्हणतात ते विचारलं. ताईंनी शब्दकोड्यात डोकं खुपसलं. तो म्हणाला, चांगलं म्हणतात. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पन्नास वर्षं गाणाऱ्या माणसाला खोटा सूर लगेच कळतो.

तेवढ्यात फोन वाजला.

ताईंनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर त्याच्यापुढे धरला. तक्रार होती, चौथ्या गाण्याची.

पलीकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. मागे मशीन धडधडत होतं. त्यांनी श्वास न घेता सुनावलं. डिस्क दुकानातून घेतलीय, पावती आहे. रोज दुपारी लावतात, रोज त्याच जागी एक माणूस येतो आणि अंगावर ओरडतो. “मी विकत घेतली आणि मीच चोर? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही.”

“रोज ऐकता?” त्याने विचारलं.

“रोज. म्हणून तर फोन केला.”

सहा दिवस छातीवर बसलेलं ओझं असं एका बोलण्याने उतरलं होतं, आणि तेही शिव्या खाऊन. त्याने रिसीव्हरवर हात ठेवला आणि गायिकाबाईंना सगळं सांगून टाकलं, अदलाबदल, राजीनामा, सगळं. खिशातला कागदही काढून दाखवला.

बाईंनी कागद उघडलाही नाही. त्यांना पुन्हापुन्हा एकच विचारायचं होतं, ती खरंच रोज ऐकते म्हणाली का. तो हो म्हणाला, तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले आणि ताईंकडे गरम पाणी मागितलं.

“साहेबांचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “दे तो फोन इकडे.”

दोन घोट पाणी पिऊन त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि गाणं नेमकं कुठे तुटतं ते विचारलं. पलीकडचं मशीन थांबलं. मग त्या ऑफिसात, ताठ बसून, डोळे मिटून त्यांनी उरलेला अंतरा म्हटला. तबला नाही, तंबोरा नाही. मधे एकदा खोकल्या, माफ करा म्हणाल्या आणि ती ओळ परत घेतली. ताईंचं पेन हातातच राहिलं. ध्वनिमुद्रकाने हे गाणं शंभर वेळा तरी ऐकलं असेल, पण आज ते कुणासाठी आहे हे त्याला पहिल्यांदाच ठाऊक होतं.

गाणं संपल्यावर दोघींचं काहीतरी बोलणं झालं, गायिकाबाई हसल्या आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

नवी डिस्क आजच पाठवतो, तो म्हणाला. पत्ता लिहून घेतला, दोनदा वाचून दाखवला.

“पाठवा सावकाश,” शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. “पण तो ओरडणारा माणूस आहे ना तुमचा, त्याला तेवढं सांगा. मी चोर नाही म्हणावं.”

“कळलंय त्याला,” तो म्हणाला, आपल्या साध्या आवाजात.