नकाशावरची रेघ

शेतजमिनीवर घरं बांधू द्यायची का, यावर नगरपरिषदेच्या सभेत मतं समसमान पडली. आता निर्णायक मत अध्यक्षबाईंचं. निम्मी जमीन त्यांच्या धाकट्या भावाची. तो लेकीशेजारी पाय हलवत बसला होता. त्यांनी नकाशावरच्या बारीक रेघेवर बोट ठेवलं. "तीनशे घरं आली, तर हा रस्ता रुंद कधी होणार?" "आधी घरं होऊ द्या, मग बघू," अभियंता म्हणाला. सतरा वर्षांपूर्वी याच रस्त्यावर समोरून ट्रक आला आणि रुग्णवाहिका अडकली. आत कळा देणारी भावजय होती आणि नर्स म्हणून अध्यक्षबाईच होत्या. बाळ हाती आलं, पण भावजय गेली. भाऊ उठला. "ताई, हिच्या शिक्षणासाठीच विकतोय. तू तरी मोडता घालू नकोस." "आधी रस्ता," म्हणत त्यांनी विरोधात हात वर केला. भाऊ तडक निघाला. लेक मात्र दारात घुटमळली. अध्यक्षबाईंना तिच्या नजरेला नजर देता येईना.