तीन सेकंदांची घट

वेधशाळेत हेमांगी ज्या क्ष-किरण ताऱ्याच्या तेजाची नोंद ठेवी, त्याच्यासमोर तिच्या नवऱ्याचं यान रोज आपलं शीड धरी. आलेखात तेज तीन सेकंद घटे; खुशाली कळवायची तेवढीच सोय होती. गेल्या वर्षीच्या मार्चपासून तेज घटेना. वर्षभर वाट पाहून सासूबाईंनी लेकाचे दिवस घातले.

आज शेजारच्या टेबलावरून तिरोडकरांनी सहज विचारलं, "बारीकसारीक घट यंत्राचा दोष समजून गाळणारा प्रोग्राम कोणी बसवला हो?"

"मीच. गेल्या वर्षी मार्चमध्ये," म्हणता म्हणता ती थांबली. तिने न गाळलेली नोंद उघडली. घट रोज होती, तेराव्यालाही.

तिने घरी फोन लावून सांगितलं.

"दिवस घातलेला माणूस परतला, तर त्याचं पुन्हा बारसं करावं लागतं," सासूबाई म्हणाल्या. "पाळणा माळ्यावर आहे. लवकर ये, काढून दे."